स्टोरीवीव्हरवरची मराठी चित्रपुस्तकं: आठ महिने वापरून मग लिहितेय

बऱ्याच आयांनी विचारलं की तू मुलांना रोज नवीन गोष्ट कुठून आणतेस, एवढी पुस्तकं घेतेस का, आणि त्यावरून ते कागद, रंग, चिकटवाचिकटवी काय चालू असतं तुमच्याकडे. गोष्टी येतात त्या स्टोरीवीव्हर नावाच्या फुकट वेबसाईटवरून. प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. मोठं होणार आहे, वेळ असेल तेव्हा वाचा.

आधी घरात कोण कोण आहे ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. लेक साडेचार वर्षांची. भाचा आठ वर्षांचा, तो शाळा सुटली की आमच्याकडेच असतो कारण बहीण दोन बिल्डिंग सोडून राहते आणि तिची ड्युटी उशिरा संपते. आणि माझी आई, मूळची कुडाळची, दोघांनाही तीच बघते. घर विक्रोळीला कन्नमवार नगरात, त्यामुळे जागा किती असेल ते मुंबईकरांना सांगायला नको. माझं ऑफिस फोर्टला.

स्टोरीवीव्हरच्या आधी मी दुसरा एक प्रकार करून बघितला होता, दर महिन्याला घरी येणारा ऍक्टिव्हिटी बॉक्स. नाव नाही लिहीत, कारण असे बरेच आहेत आणि माझा अनुभव एकाचाच. सहा महिन्यांचे पैसे आधीच भरले होते. डबा दिसायला सुंदर, उघडताना मुलं उड्या मारायची, पण आत सगळं आधीच कापलेलं. हत्तीचे कान कापलेले, सोंड कापलेली, डोळ्यांचे स्टिकर, कुठे काय चिकटवायचं त्याचे नंबर. पंधरा मिनिटांत हत्ती तयार आणि दोघांचे हत्ती डिट्टो सेम. सोबत जे पुस्तक यायचं ते इंग्रजीत आणि शेवटच्या पानावर 'या गोष्टीतून आपण काय शिकलो' असे पाच प्रश्न. लेक दुसऱ्या प्रश्नाला उठून जायची. मला तेव्हा कळलं नाही की प्रॉब्लेम काय आहे, मला वाटलं हिचं लक्षच लागत नाही. आता कळतं की तिला करण्यासारखं त्यात काही ठेवलंच नव्हतं.

तर स्टोरीवीव्हर. ही प्रथम बुक्सची वेबसाईट आहे. प्रथम ही शिक्षणातली संस्था १९९५ साली आपल्या मुंबईतल्याच वस्त्यांमधून सुरू झाली, प्रथम बुक्स हे पुस्तकांचं काम २००४ पासूनचं, ते बंगळुरूहून चालतं आणि ना-नफा आहे. स्टोरीवीव्हर २०१५ च्या ८ सप्टेंबरला, म्हणजे साक्षरता दिनाला सुरू झालं. त्यावर हजारो चित्रगोष्टी आहेत, मराठीसकट कितीतरी भाषांमध्ये, आणि सगळं फुकट. फुकट म्हणजे पहिल्या पाच गोष्टी फुकट आणि मग पैसे भरा असं नाही. वाचा, पीडीएफ उतरवून घ्या, छापा, वाटा, दुसऱ्या भाषेत करा, शब्द बदला, सगळ्याला परवानगी आहे, अट एकच की मूळ लेखकाचं, चित्रकाराचं नाव द्यायचं आणि काही बदललं असेल तर तसं सांगायचं. क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचं जे लायसन असतं त्यातला हा सगळ्यात मोकळा प्रकार. हे बारीक अक्षरातलं वाटेल, मलाही वाटलं होतं, पण माझ्या मते या साईटची खरी ताकद यातच आहे आणि आमच्या घरात पुढे जे काही झालं ते यामुळेच झालं. बाकीच्या पुस्तकांना आपण फार तर जपतो. यांना आपण हात लावू शकतो.

साईटवर भाषा निवडायची, मग पातळी निवडायची. पातळ्या चार. पहिलीत सोपे शब्द, तेच तेच परत येणारे, अडीचशेपेक्षा कमी शब्दांची गोष्ट. दुसरी सहाशे शब्दांपर्यंत, तिसरी दीड हजारापर्यंत, चौथी त्याच्या वर. इथे एक सांगायचंय. ही पातळी मूल स्वतः वाचणार असेल तर त्याच्यासाठी आहे, ऐकणार असेल तर नाही. मी पहिले दोन महिने लेकीला फक्त पहिल्या पातळीच्या गोष्टी देत होते कारण ती लहान आहे, आणि एकदा भाच्यासाठी तिसऱ्या पातळीची वाचत होते तर ही बाजूला बसून अख्खी ऐकली आणि दुसऱ्या दिवशी आजीला सांगितली, तीही मधले प्रसंग न गाळता. मुलांचे कान त्यांच्या डोळ्यांच्या खूप पुढे असतात. त्यामुळे वाचून दाखवायला एक-दोन पातळ्या वरचं बिनधास्त घ्या.

आणि कोणालाही तिथे अनुवाद करता येतो त्यामुळे सगळ्याच गोष्टींची मराठी एकसारखी असणार नाही, हे धरूनच चालायचं. मी करते काय, सकाळच्या लोकलमध्ये बसायला मिळालं की (विक्रोळीहून सीएसएमटीला जाताना कुर्ल्याच्या पुढे मिळते कधीकधी) मुलांच्या आधी मी स्वतः दोन-तीन गोष्टी वाचून ठेवते. मोठ्याने वाचल्यासारखं मनात वाचते. ज्या वाक्याला जीभ अडखळेल असं वाटतं तिथे आपला शब्द ठरवून ठेवते. अशा चाळता चाळता मीच त्यात रमायला लागले हे खरं. लहानपणी आमच्या घरी चित्रांची पुस्तकं नव्हतीच फारशी, जी होती त्यात पानभर अक्षरं आणि कोपऱ्यात एक ससा.

आता मोबाईलचं. मी मुलांच्या हातात फोन देऊन 'घे वाच' असं करत नाही. साईटवर आवाजासकट चालणाऱ्या गोष्टीपण आहेत ज्यात बोलला जाणारा शब्द रंगून दिसतो, भाच्याला वाचनाची सवय लागायला त्याचा उपयोग झाला, पण तेवढंच. फोनवर दोन मुलं एका चित्राकडे बघूच शकत नाहीत, डोकी आपटतात, आणि बोट लागलं की पान पळतं. चित्रपुस्तकात सगळी मजा थांबण्यात आहे. म्हणून आम्ही छापतो.

छापण्याबद्दल सविस्तर लिहिते कारण इथे मी पैसे वाया घालवलेत, तुमचे वाचतील. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे मला कलर प्रिंट दहा रुपये पान पडते आणि ब्लॅक अँड व्हाइट दोन रुपये. चित्रपुस्तक साधारण पंधरा-वीस पानांचं धरलं तर पूर्ण रंगीत एक पुस्तक दीड-दोनशेला जातं, त्यापेक्षा दुकानातून छापील विकत घेतलेलं बरं. म्हणून एका ए-फोर कागदावर दोन पानं बसवायला सांगायची, खर्च निम्मा होतो आणि लहान मुलांच्या हाताला तो आकार छान बसतो. पाठपोट छापायच्या आधी थांबा, पुढे त्याचं कारण येईल. ब्लॅक अँड व्हाइट काढायचं असेल तर रेघांनी काढलेल्या चित्रांचंच काढा, ते आपोआप रंगवायचं पुस्तक होतं. जी चित्रं जलरंगात किंवा गडद रंगवलेली असतात ती दोन रुपयांत नुसती काळपट येतात, त्यात वाघ कुठला आणि झाड कुठलं कळत नाही. आणि मागची श्रेयनामावलीची पानं आहेत ना, तीसुद्धा छापा. पैसे वाचवायला मी सुरुवातीला ती गाळायचे. आता मुद्दाम घेते, कारण भाच्याने एकदा विचारलं की हे चित्र कोणी काढलं, आणि मला सांगता येईना.

वाचतो कसं ते आता. पहिल्यांदा पुस्तक आलं की शब्द वाचतच नाही. फक्त चित्रं. मी गप्प बसते, हे मला सगळ्यात अवघड गेलं कारण आपल्याला सवय असते 'हे काय आहे? बरोब्बर! रंग कुठला?' अशी परीक्षा घ्यायची. गप्प बसलं की मुलं बोलायला लागतात. एका गोष्टीत लेकीला प्रत्येक पानावर कुठेतरी एक मांजर सापडलं, खिडकीत, टपावर, टोपलीमागे, आणि त्या मांजराबद्दल गोष्टीत एक अक्षरही नव्हतं. चित्रकाराने ते मुलांसाठीच ठेवलं असणार, मी दोनदा वाचूनही मला दिसलं नव्हतं. मग आठवडाभर आमच्याकडे त्या मांजराचीच गोष्ट चालली होती, मुख्य गोष्ट राहिलीच बाजूला. राहू दे की.

यातून आईला तिच्या गावचं आठवलं आणि तिथून खरा उद्योग सुरू झाला. कुडाळजवळ पिंगुळी आहे, तिथली ठाकर मंडळी चित्रकथी करतात. सुट्या कागदांवर रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवलेले, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, अशा चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणायचं. सांगणारा एकेक चित्र समोर धरणार आणि वीणा, टाळ, हुडूक (छोटं तालवाद्य) यांच्या साथीवर गाऊन कथा सांगणार. ही कला टिकवणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली. आई म्हणाली, 'अगो, हा पण तसाच आहे, तुझी पानां सुटीच आहत, शिवतंस कशाक?' आणि मला एकदम लख्ख दिसलं. आपल्याकडे चित्रपुस्तक होतंच की, फक्त ते शिवलेलं नव्हतं.

तेव्हापासून आम्ही पुस्तक आलं की आधी सुटंच ठेवतो. म्हणूनच पाठपोट छापायचं नाही. जाड पुठ्ठा लागत नाही, लग्नपत्रिका किंवा शर्टाच्या बॉक्समधला पुठ्ठा मागे लावला तरी कागद ताठ उभा राहतो. चित्राखालची मजकुराची पट्टी मागे दुमडायची म्हणजे समोर फक्त चित्र. मग एकाने पलंगावर उभं राहून चित्र धरायचं आणि सांगायचं, बाकीचे खाली चटईवर. साथीला स्टीलचा डबा आणि आईचे टाळ. भाचा पहिल्यांदा लाजत होता, आता तो राक्षस आला की आवाज असा काढतो की शेजारच्या काकू डोकावतात. आणखी एक गंमत, पानं सुटी असली की क्रम बदलता येतो. लेकीने एकदा शेवटचं पान पहिलं केलं, म्हणजे हरवलेलं पिल्लू आधीच घरी आलेलं, आणि मग म्हणाली आता हे बाहेर कसं गेलं ते सांगते. साडेचार वर्षांचं मूल उलटीकडून गोष्ट रचतंय, हे कुठल्या बॉक्समधून आलं असतं मला सांगा.

रंगकामाचं थोडं. ठसे करायला भेंडी सगळ्यात भारी, आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल तयार. पण कापल्यावर पुसून घ्या नाहीतर चिकट द्रवाने रंग पातळ होतो आणि फुलाचा डाग होतो. रंग वाटीत नको, ताटलीत जुना स्पंज ठेवून त्यावर पोस्टर कलर जाड ओतायचा, त्याचं स्टॅम्प पॅड बनतं. कांदा आडवा कापून त्याची वर्तुळं, ढोबळी मिरचीचा ढब्बू आकार. आईचा यावर आक्षेप होता की अन्न आहे ते, खेळायला नाही, आणि तिचं बरोबर आहे, म्हणून आम्ही देठाकडचा जो भाग एरवी टाकतो तोच घेतो. तेवढा पुरतो. देठाकडचं गोल तर अजून सुंदर येतं.

कोलाजसाठी रंगीत कागद विकत आणू नका. साधे कागद, वर्तमानपत्रसुद्धा, मुलांना आधी रंगवू द्या, हवे तसे, ब्रशने, बोटाने, कंगव्याने ओरखडून, आणि वाळले की ते फाडून चित्र करायचं. एरिक कार्ल नावाचे जे जगप्रसिद्ध चित्रकार होते ते असंच करायचे, पातळ टिश्यू पेपर स्वतः रंगवून ठेवायचे आणि त्यातून कापून चिकटवायचे. त्यांचं १९६९ चं भुकेल्या अळीचं पुस्तक सुचलं तेच मुळी पंचिंग मशीनने कागदांच्या गठ्ठ्याला भोकं पाडताना. हे भाच्याला सांगितलं त्या दिवसापासून माझ्या ऑफिसच्या बॅगेतलं पंचिंग मशीन त्याच्या ताब्यात आहे. चिकटवायला गव्हाच्या पिठाची किंवा मैद्याची खळ, ताजी, दोन दिवसांत संपेल एवढीच करायची. बायंडिंगवाले खळीत मोरचूद टाकतात कसर लागू नये म्हणून, ते विषारी असतं, मुलांच्या खळीत अजिबात नको.

मोठ्या मुलांसाठी वारली पण करून बघा. पालघर आपल्यापासून किती लांब, आणि तरी आमच्या भाच्याला वाटायचं की वारली म्हणजे कुडत्यावरचं डिझाइन. मूळ पद्धत म्हणजे गेरूने सारवलेली भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची काडी चावून तिचाच ब्रश. जिव्या सोमा मशे यांनी हे भिंतीवरून कागदावर आणलं, २०११ ला त्यांना पद्मश्री मिळाली. आम्ही किराणामालाच्या खाकी पिशव्या कापून घेतल्या, तांदळाचं पीठ कालवलं, पण नुसतं पीठ वाळल्यावर कागदावरून झडतं, थोडा डिंक घातला की धरून राहतं. गोल, त्रिकोण, चौकोन एवढ्यावर माणसं, झाडं, शेत सगळं उभं राहतं त्यामुळे 'मला चित्र येत नाही' म्हणणारा मुलगापण एका संध्याकाळी अख्खं गाव काढतो.

आता माझा सगळ्यात आवडता, आठ पानांचं पुस्तक. एक ए-फोर कागद लागतो आणि कात्रीचा एक छेद, चिकटपट्टीही नाही. कागदाला तीनदा निम्म्याने घडी घाला, उघडला की आठ चौकोन दिसतील. मग आखूड बाजू एकमेकींवर येतील असा एकदाच निम्म्याने दुमडा, आणि जिकडे घडी बंद आहे तिकडून मधल्या रेषेवर आत पहिल्या घडीपर्यंत कापा, पुढे नाही. उघडलं की मधोमध चीर दिसेल. आता कागद लांबीला दुमडा, दोन्ही टोकं धरून आत ढकला, चीर उघडून अधिकचं चिन्ह होतं, ते एका बाजूला वळवलं की झालं पुस्तक. पहिल्यांदा चुकतं. दुसऱ्यांदा मुलंच आपल्याला शिकवतात.

या आठ पानांत काय करायचं हा प्रश्न आम्हाला आमच्या स्लो लोकलने सोडवून दिला. एक पान मुखपृष्ठ, उरली सात. विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, शीव, माटुंगा, दादर. बरोब्बर सात स्टेशनं! दादरला आत्याकडे जातो ना आम्ही, तोच प्रवास. लेकीने प्रत्येक पानावर त्या स्टेशनला तिला काय दिसलं ते काढलं. घाटकोपरला नुसती डोकी, पानभर डोकी, कारण तिच्या उंचीवरून तेवढंच दिसतं, खरं तर तिला पोटं दिसत असणार पण मी कडेवर घेते. विद्याविहारला एक बाई मेथी निवडत होती. शीवला पूल. माटुंग्याला फुलं, ती भेंडीच्या ठशांनी. दादरचं पान तिने कोरं ठेवलं आणि म्हणाली दादरला आपण उतरलो, आता गाडीत कोण बघणार. मी काही बोलले नाही, तसंच ठेवलं ते पान. तुम्ही बोरिवली ते अंधेरी करा, ठाणे ते घाटकोपर करा, शाळेच्या रस्त्यावरची दुकानं करा.

बायंडिंगबद्दल एक अनुभवाचं. सुटी पानं शेवटी कधीतरी शिवावीच लागतात, हरवायला लागतात म्हणून. त्यासाठी आता पाठपोट छापून मधोमध दुमडायचं, आणि पानांची संख्या चारच्या पटीत आणायची, कमी पडली तर कोरी घालायची. छापील चित्रपुस्तकं बहुतेक बत्तीस पानांची का असतात तर हेच, मोठा कागद दुमडला की आठ, सोळा, बत्तीस असंच येतं. मी सुरुवातीला मधे दोन स्टेपलर मारले होते. जून गेला, जुलैमध्ये उघडून बघते तर पिना गंजलेल्या, त्यांच्याभोवती तांबडे डाग आणि कागद तिथेच तुटलेला. मुंबईच्या पावसात पिना नकोच. जाड सुई, गोधडी शिवायचा दोरा, घडीवर तीन भोकं. मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्यातून आत, खाली सरळ तिसऱ्यातून बाहेर, परत मधल्यातून आत आणि गाठ. पाच मिनिटं लागतात. आणि पावसाळ्यात पुस्तकं कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका, भिंतीला चिकटून तर नाहीच.

मालवणीचं सांगायचं राहिलं. माझी लेक मराठी बोलते, शाळेत इंग्रजी ऐकते, हिंदी खाली खेळताना शिकली. आईची मालवणी तिला कळते पण बोलत नव्हती, मलाही नीट येत नाही, कानावर आहे तेवढीच. स्टोरीवीव्हरवर तीच चित्रं ठेवून शब्द बदलायची सोय बघितली तेव्हा वाटलं की आईला विचारावं. तिला साईट बिइट जमणार नाही, म्हणून आम्ही कागदावरच केलं. दुमडलेली मजकुराची पट्टी होती ना, तिच्यावर कोरी पट्टी चिकटवली, आई सांगणार आणि भाचा लिहिणार. पहिल्याच पानावर तिने थांबवलं. गोष्टीत आई मुलीला म्हणते की तू कुठे गेली होतीस. माझी आई म्हणाली असं कोण बोलतं, लिही, 'खंय गेल्लंस गो चेडवा?' आणि त्या एका 'गो चेडवा'ने चित्रातली बाई बदललीच, ती आमच्या घरातली झाली. कावळ्याचा कावळो झाला, सोबतचं वांगडा झालं. कुठे कुठे आई म्हणायची की हे वाक्य लागतच नाही, चित्रात दिसतंय, काढून टाक. मी इतकी वर्षं पुस्तकं वाचतेय पण चित्रपुस्तकात शब्द किती कमी लागतात ते मला सातवी शिकलेल्या माझ्या आईने दाखवलं.

अकरा पानांना तीन रविवार लागले. शेवटच्या पानावर भाच्याने मूळ लेखकाचं नाव, चित्रकाराचं नाव लिहिलं आणि खाली 'मालवणीत सांगितलं: आजी'. आई म्हणाली आजी काय, पूर्ण नाव लिही. मग त्याने खोडून पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या गावासकट. ते पुस्तक आता लेकीला पाठ आहे आणि ती खाली खेळताना मुलांना 'गो' लावून बोलते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी की घरी छापलेला कागद हा छापील पुस्तकाची जागा घेत नाही. चांगल्या छपाईतले रंग, पानाचा वास, मोठ्या आकाराचं चित्र दोन पानांवर पसरलेलं, हे झेरॉक्समध्ये मिळत नाही. म्हणून आम्ही दोन-तीन महिन्यांतून एकदा दादरला जाऊन एकेक पुस्तक प्रत्येकी घेतोच, मुलं निवडतात, मी मधे पडत नाही. मराठीत बघायचं तर माधुरी पुरंदरे यांची ज्योत्स्ना प्रकाशनाची पुस्तकं जरूर बघा, त्या लिहितातही आणि चित्रंही स्वतः काढतात, २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना आहे. त्यांच्या चित्रातली घरं आपल्या घरांसारखी असतात, दोरीवर वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यातला पाण्याचा पिंप, हे मुलांना लगेच ओळखता येतं. नॅशनल बुक ट्रस्टच्या स्टॉलवर पण बघा, किमती खूप कमी असतात. आणि चेन्नईचं तूलिका मराठीतही चित्रपुस्तकं काढतं.

स्टोरीवीव्हर कोणासाठी नाही हेही सांगते. ज्यांना मूल अर्धा तास गुंतवून आपण स्वयंपाक करायचाय त्यांना याने तितकासा फायदा होणार नाही, मोठं माणूस सोबत लागतं, निदान सुरुवातीचे काही आठवडे. आमच्याकडे आई आहे म्हणून हे जमतंय, मी एकटी असते तर ऑफिस करून रोज जमलं नसतं, त्यामुळे रोज नाही झालं तर वाईट वाटून घेऊ नका, आम्हीही मधे परीक्षेच्या वेळी महिनाभर काही केलं नाही. कात्री, सुई आपल्या देखरेखीत. घर खराब होतं, चटईवर जुनी चादर घाला. आणि मुलांनी केलेलं नीट करायला जाऊ नका, मी एकदा लेकीच्या गाडीचं वाकडं चाक सरळ केलं होतं तर तिने ते पुस्तकच बाजूला ठेवलं.

खर्च माझ्या वहीत आहे, आठ महिन्यांत छपाई, रंग, दोरा सगळं धरून अठराशेच्या आसपास, त्या डब्याचे दोन महिन्यांचे पैसे याहून जास्त होते. स्टार द्यायचे तर मी पाचपैकी पाच देईन.

सध्या दुसरं मालवणी पुस्तक चालू आहे. त्यात सातव्या पानावर एक शब्द अडलाय, आईला आठवत होता तो तिला बरोबर वाटत नाहीये. काल रात्री तिने कुडाळला मावशीला फोन लावला आणि त्या एका शब्दावर दोघी पाऊण तास बोलत होत्या, मधे त्यांच्या आजीचं, कुळागराचं, कोणाच्या तरी लग्नाचं सगळं येऊन गेलं, शब्द काही ठरला नाही. मावशी आज शेजारच्या म्हातारीला विचारून कळवणार आहे. भाच्याने सातव्या पानाची पट्टी तोपर्यंत कोरी ठेवलीय.